स्कोमर बेट : अमावास्येचा आठवडा

सोमवार

आज पाहुण्यांची सुट्टी, पण वारा उत्तरेचा. असा वारा असला की नॉर्थ हेवनला बोट लागत नाही. वेल्सचा किनारा समोर दिसत असतो आणि दूध-भाजी तिकडेच. पीठ, तांदूळ, गॅस नेहमी चार दिवसांचा जादा ठेवावा.

सामान येतं ते झाकणबंद बादल्यांतूनच. पुठ्ठ्याचे खोके नकोतच, त्यांच्या घडीत उंदीर बसून येतो. ८७ पायऱ्या चढवल्यावर बादली दार लावूनच उघडायची. शेजारच्या रॅम्झी बेटावरचे मोठे उंदीर १९९९-२०००च्या हिवाळ्यात संपवले, तेव्हा कुठे तिथले शिअरवॉटर, बिळात अंडी घालणारे समुद्रपक्षी, वाढू लागले. इथे मोठे उंदीर कधी पोचलेच नाहीत.

त्यांच्या पाळतीसाठी जागोजागी चॉकलेटच्या वासाचं मेण ठेवलेलं असतं. इथली व्होल (आखूड शेपटीचा उंदरासारखा छोटा प्राणी) आणि छोटे रानउंदीरही ते कुरतडतात, त्यामुळे नुसत्या खुणा पाहून घाबरायचं नाही. पट्टी लावायची. जोडदातांची खूण एक-दोन मिलिमीटर असेल तर घरचेच. तीन-चार भरली तर मोठा उंदीर, त्याच दिवशी फोन.

मंगळवार

बेट आतून पोकळ आहे. मँक्स शिअरवॉटरच्या सुमारे ३,५०,००० जोड्या बिळांत, शिवाय पफिन हे समुद्रपक्षी आणि ससे. वाटेबाहेर पाऊल पडलं की जमीन खचते. पाय खसकन ओढू नये, माती आणखी ढासळते. पोटावर आडवं व्हावं, पाय अलगद काढावा, खांद्यापर्यंत हात घालून सैल माती उपसावी. बोटांना अंडं किंवा पिसं लागेपर्यंत घाई नाही. मग भोकावर पाटीचा दगड, वर माती, वर गवताचं ढेकूळ. वर्षाला अंडं एकच, उबवायला ५० दिवसांवर. फुटलं तर त्या जोडीचा हंगाम गेला.

बुधवार, अमावास्या

शिअरवॉटरचे पाय पार मागे, जमिनीवर तो छातीवर सरपटतो. चांदण्यात काळ्या पाठीचे मोठे कुरव त्याला सहज टिपतात, म्हणून खरी गर्दी अशा काळोख्या रात्रीच. अंधार पडायच्या आत सगळे पडदे ओढायचे, बाहेर फक्त लाल बॅटरी. अकरानंतर जो कल्ला सुरू होतो त्यात झोपेची आशा सोडावी. कानातले बोळे फारसे उपयोगाचे नाहीत.

पहाटे वाटेवर तीन जोड पंख. मधली कातडी मोज्यासारखी उलटी केलेली, आत मांसाचा कण नाही.