तुम्ही विचारलंत म्हणून: अंडरओथ अजून का ऐकतोस?

चर्चच्या मंडळीतली माणसं काळजीने विचारतात, मेटलवाले मित्र दात काढत विचारतात, पण प्रश्न तोच: अंडरओथ हा अमेरिकन मेटलकोर बँड आता ख्रिश्चन राहिलेला नाही, मग तू अजून का ऐकतोस? मंडळीला वाटतं माझाही पाय घसरलाय. मित्रांना वाटतं, बँड शहाणा झाला, हा कधी होणार. दोघांनाही आजवर 'आवडतं म्हणून' सांगून कटवत आलो. आता त्याचाही कंटाळा आलाय.

मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंकची सरमिसळ) कुठून आलं, फ्लोरिडातल्या पोरांनी बँड कसा काढला, हे उगाळत बसत नाही. 2004 चा 'दे'र ओन्ली चेसिंग सेफ्टी' हा त्यांचा अल्बम घ्या. आधीचा गायक डॅलस टेलर जाऊन स्पेन्सर चेंबरलेन आलेला, हा ओरडणार आणि एरन गिलेस्पी ड्रम बडवता बडवता गोड गळ्याने गाणार, आणि शेवटच्या गाण्यात येशूला नाव घेऊन हाक. आम्ही नगरची पोरं, घरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग पेटीवर आणि हेडफोनमध्ये हे, आम्हाला त्यात काही विसंगत वाटायचं नाही. मग 2006 ला 'डिफाइन द ग्रेट लाइन' हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरला. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी वॉर्प्ड टूर, म्हणजे गावोगाव फिरणारा रॉक महोत्सव, अर्ध्यावर सोडली. आम्ही ठरवून टाकलं की तिथे श्रद्धेवरून टिंगल होत असणार, छळ झाला बिचाऱ्यांचा. खरं कारण घरातलंच होतं, बँड आतून फुटायला आलेला आणि स्पेन्सर नशेत बुडालेला. हे त्याने पुढे मुलाखतींमधून स्वतःच सांगितलं.

नंतर 2010 ला गिलेस्पी गेला, 2013 ला दुकान बंद, 2015 ला परत येतोय म्हणून जाहीर केलं. इथपर्यंत कुणी मला काही विचारत नव्हतं.

2018 च्या फेब्रुवारीत 'ऑन माय टीथ' आलं. त्यात एक शिवी आहे, चांगली ठसठशीत. त्यानंतर एका रविवारी उपासना झाल्यावर तरुण संघाची मीटिंग होती, पेटी-तबला खोळीत घालून झालेला, चहाचा थर्मास फिरतोय, आणि आमच्यातल्या एका दादाने मुद्दाम, हो मुद्दामच, ते गाणं ब्लूटूथ स्पीकरवर लावलं. माझ्याकडे बघत. शिवी आली तशी पोरं फिस्कन हसली. चहा देणाऱ्या मावशींना इंग्रजी कळत नाही, त्या म्हणाल्या, "अरे केवढा ओरडतोय, घसा बसेल की त्याचा." मग दादाने स्पीकर बंद करून सगळ्यांदेखत विचारलं, "हाच ना तुझा साक्षीवाला बँड?"

कारण मी साक्ष दिलेली होती, म्हणजे प्रभूने काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगितलं होतं. त्याच हॉलमध्ये, काही वर्षांपूर्वी, की ही पोरं बघा, कानाला झोंबेल असं संगीत आणि तोंडात प्रभूचं नाव. ऐकणाऱ्यांत एक मुलगा होता, त्याचं पिणं वाढलं होतं, त्याला मी नंतर बाजूला घेऊन स्पेन्सरचं उदाहरण दिलं होतं, हा बघ, हा बाहेर आलाच ना. तो मुलगा त्या रविवारीही तिथेच बसला होता. तो हसला नाही. नंतर बाहेर गाडीला किक मारता मारता म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तो पण सुटलेला नव्हता ना, दादा?"

मी म्हटलं, माहीत नाही. तोपर्यंत मुलाखती वाचून झाल्या होत्या माझ्या. तो बरं म्हणाला आणि गेला.

तेव्हाच्या मला मी अजून सांगतो की अरे तुझ्यापर्यंत जे आलं तेच तू पुढे सांगितलंस, त्यात खोटं काय. त्यावर तो म्हणतो, 2006 चा अल्बम ऐकून हा माणूस सुखरूप आहे असं ज्याला वाटलं त्याने नक्की ऐकलं तरी काय? हे भांडण मिटलेलं नाही आणि मिटेल असंही नाही.

पण मंडळीला एक विचारतो. आपल्याकडे साक्ष कायम झालेल्या गोष्टीची देतात, मी प्यायचो, जुगार खेळायचो, मग प्रभू भेटला, हालेलुया, बसा खाली. मी आत्ता पितोय, काल रात्रीही प्यायलो, असं सांगायला कुणी उभा राहिला तर पाळकसाहेब हळूच माईक काढून घेतील. त्या पोरांना सुटल्याची साक्ष देत स्टेजवर उभं केलं गेलं आणि त्यातला एक अजून बुडत होता. मग गाणी खोटी होती म्हणता? स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र काढून वाचा, ते अंधारातच संपतं, त्याला कुणी शेवट जोडायला गेलं नाही. आणि गिलेस्पीने तर मधल्या काळात चक्क उपासनेच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि परत येऊन याच बँडमध्ये ड्रमवर बसला. त्याला कुठल्या यादीत टाकणार?

मेटलवाल्यांनीही फार खूश होऊ नका. 'ऑन माय टीथ'ला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं म्हणून देव सोडल्यावर बँड भारी झाला असं काही नाही. ते गाणं ज्यात आहे तो 'इरेज मी' हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात गुळगुळीत अल्बम, रेडिओवर लागावा म्हणून घासूनपुसून ठेवलेला, आणि त्यात शिवी आहे एवढ्यावर तुम्ही त्याला बंडखोर म्हणताय. 2022 चा 'व्हॉयेरिस्ट' त्यांनी स्वतःच प्रोड्यूस केला, तो कितीतरी सरस आहे, पण तुम्हाला ड्रमबद्दल बोलायचंच नसतं, धर्मांतराची बातमी हवी असते.

मला दुखलं का? दुखलं. अजूनही दुखतं, 2004 च्या त्या शेवटच्या गाण्याला तर हमखास. माझा विश्वास त्यांच्यावर टेकलेला नव्हता असं मी सांगत फिरतो, ते तितकंसं खरं नाही.

परवा दादा पुन्हा म्हणाला, तुला ऐकायचं ते ऐक बाबा, पण तरुण संघातल्या नव्या पोरांना तरी ऐकवू नकोस. ऐकवणार. शिवीसकट ऐकवणार, आणि 2006 चा आधी.