खांद्यावरचे सॅक्सहॉर्न : तिसऱ्या महिन्याची नोंद

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर १८६० आणि १८७० च्या दशकांत वाजणारे ब्रास बँडचे संगीत त्या काळच्याच वाद्यांवर पुन्हा उभे करायचे, या हेतूने साउथ डकोटात आम्ही आठ जण जमतो. माझ्या वाट्याला आलेले ई-फ्लॅट आल्टो सॅक्सहॉर्न, म्हणजे मधल्या पट्टीचे पितळी फुंकवाद्य, या महिन्यात अखेर सुरात आले. त्याचा कर्णा वादकाच्या खांद्यावरून मागे वळतो, कारण बँड पलटणीच्या पुढे चालत असे आणि सूर मागून येणाऱ्या शिपायांपर्यंत पोहोचणे गरजेचे होते.

आधी रोटरी व्हॉल्व्हच्या, म्हणजे कळ दाबल्यावर फिरून हवेची वाट बदलणाऱ्या झडपांच्या, दोऱ्या बदलल्या. जुन्या दोऱ्या हात लावताच तुटल्या, म्हणून मासेमारीची बारीक विणीव दोरी घेतली. तिचे एक टोक कळीला गाठ मारून बांधायचे, दोरीचा वेढा रोटरच्या (झडपेच्या फिरत्या भागाच्या) दांड्यावरील स्क्रूभोवती द्यायचा आणि दुसरे टोक पुन्हा कळीकडे आणायचे, एवढेच काम. पण स्क्रू आवळताना रोटर केसभर जरी फिरला तरी कळ वर-खाली बसते. तिन्ही कळा एका पातळीत यायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

खरा प्रश्न सुराचा होता. आज ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झचा प्रमाण मानतात. माझ्या हॉर्नचा ‘ए’ ४५२ च्या आसपास निघाला, म्हणजे जवळजवळ पाव स्वर चढा. सुमारे दोन मीटर लांबीच्या या नळीला तेवढे उतरवायचे तर साडेपाच सेंटिमीटर वाढ हवी, शिवाय पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइडही (सरकती नळी) सुमारे साडेतीन मिलिमीटरने बाहेर ओढावी लागते, नाहीतर ती कळ दाबल्यावर निघणारे सूर चढेच राहतात. मूळ नळीला करवत लावणे मला मान्य नव्हते, म्हणून माउथपीसच्या मागे काढता-घालता येणारा पितळी तुकडा बसवला. आधुनिक वाद्यांच्या सोबतीला त्याचा उपयोग होतो. आमची जुनी वाद्ये मात्र एकत्र असतात तेव्हा मी तो काढून ठेवतो, कारण चढ्या सुरात हे शंकूच्या आकाराचे हॉर्न जे मऊ, गोल बोलते ते खाली ओढल्यावर राहत नाही.

सध्या ‘गॅरीओवेन’ ही धून बसवत आहोत. हाताशी स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे एकत्र स्वरलेखन, नाही, प्रत्येक वाद्याची वही वेगळी. टेनर हॉर्नच्या वहीत तालाचे एक माप कमी निघाले आणि ते बॅरिटोन हॉर्नच्या ओळीवरून भरून काढले. २७ नोव्हेंबर १८६८ रोजी वॉशिटा नदीकाठी अमेरिकी सैन्यातील अधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाने शायान या मूळ रहिवासी जमातीचा प्रमुख ब्लॅक केटल याच्या वस्तीवर हल्ला केला, तेव्हा त्याच्या बँडने हीच धून सुरू केली होती. थंडी इतकी होती की वाद्यांत थुंकी गोठून वादन लगेच थांबले. मागच्या रविवारी उघड्यावर सराव करताना माझा दुसरा रोटर काही मिनिटांत जाम झाला आणि त्या वर्णनाचा अर्थ बोटांना कळला. त्या पहाटे वस्तीतली बायका-मुलेही मारली गेली. म्हणून ही धून निव्वळ उत्साहाची सलामी म्हणून वाजवायची नाही, त्या दिवशी काय घडले हे श्रोत्यांना आधी सांगायचे आणि मगच कर्णे उचलायचे, असे आम्ही ठरवले आहे.

पुढच्या महिन्यात व्हर्मिलियनच्या नॅशनल म्युझिक म्युझियममध्ये जाऊन याच घोडदळाचे नंतरचे बँडमास्टर फेलिक्स विनाटिएरी यांची हस्तलिखिते पाहण्याचा विचार आहे. त्यांचे आल्टोचे भाग आधी उतरवून घेईन.