अॅफिलिएट लिंकांची खतावणी: माझा अनुभव

चकलीचा सोऱ्या, मोदकाचे साचे, पुरणयंत्र, बिडाचा तवा, मिक्सर. माझी वर्डप्रेसवरची साइट असल्या वस्तूंबद्दल आहे. लेखात वस्तू आली की खाली विक्रीची लिंक, आणि त्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन. लिंका शंभराच्या आत होत्या तोवर सगळं डोक्यात राहत होतं. साडेतीनशेच्या पुढे गेल्यावर दोन साध्या प्रश्नांना उत्तर देता येईना. अमुक वस्तू कोणकोणत्या लेखांत आहे? आणि महिन्याच्या कमिशनमधला कोणता रुपया कोणत्या लेखातून आला?

सुरुवात सगळ्या लिंका एका जागी गोळा करण्यापासून केली. स्क्रीमिंग फ्रॉग हे साधन साइटभर फिरून बाहेर जाणाऱ्या लिंकांची यादी काढून देतं. फुकट आवृत्तीत ५०० पत्त्यांची मर्यादा आहे आणि चित्रं, स्टाइलच्या फायली त्यातच धरल्या जातात, म्हणून त्या आधी बंद केल्या. तरीही पुरलं नाही. मग होस्टिंगच्या पीएचपीमायअॅडमिनमध्ये (साइटचा डेटाबेस उघडून दाखवणारं साधन) जाऊन लेखांच्या टेबलात दुकानाच्या डोमेनचं नाव शोधलं. इथे एक गोम आहे. वर्डप्रेस प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्या त्याच टेबलात ठेवतो, त्यामुळे एकच लिंक दहा-दहा वेळा दिसते. प्रकाशित लेखांच्याच ओळी निवडल्यावर यादी खरी झाली.

यादी बघताना बिघाड आपोआप गटांत पडले. सर्वांत मोठा गट बिनटॅगच्या लिंकांचा. टॅग म्हणजे पत्त्यात जोडलेली आपल्या खात्याची खूण, तिच्यावरूनच दुकान कमिशन कुणाचं ते ठरवतं. मोबाइल अॅपमधलं ‘शेअर’ दाबून घेतलेला छोटा पत्ता वस्तूवर बरोबर पोहोचतो, पण त्यात आपला टॅग नसतो. वाचक खरेदी करतो, दुकानाला गिऱ्हाईक मिळतं आणि आपल्या खात्यात काही येत नाही. दुसरा गट टॅगच्या स्पेलिंगचा. अॅमेझॉन इंडियाचा टॅग ‘-२१’ने संपतो, अमेरिकेचा ‘-२०’ने. एक अक्षर चुकलं तरी पान उघडतंच, त्यामुळे चूक वर्षभरही लक्षात येत नाही. तिसरा गट प्रश्नचिन्हाचा. पत्त्यात आधीच एक प्रश्नचिन्ह असेल तर टॅग त्यापुढे ‘अँड’च्या चिन्हाने जोडायचा असतो. दुसरं प्रश्नचिन्ह टाकलं की टॅग आधीच्या मजकुराला चिकटतो आणि ओळखला जात नाही.

अॅमेझॉनच्या लिंकेत खरी गरज तीनच तुकड्यांची असते: डोमेन आणि त्यापुढचं ‘डीपी’, वस्तूचा दहा अक्षरी-अंकी एएसआयएन क्रमांक, आणि टॅग. शोधलेले शब्द, ‘रेफ’ वगैरे मधली शेपूट मी सगळीकडून कापली. पत्ते आखूड झाले आणि दोन लिंका एकाच वस्तूच्या आहेत का, हे नजरेने कळायला लागलं.

मग खतावणी घातली. गूगल शीट्समध्ये एका ओळीत एक वस्तू आणि एक दुकान. रकाने असे: सांकेतिक नाव, वस्तूचं पूर्ण नाव, दुकान किंवा नेटवर्क (अनेक दुकानांच्या अॅफिलिएट लिंका देणारी मधली कंपनी), वस्तू क्रमांक, टॅगसकट पूर्ण पत्ता, ज्या लेखांत वापरली ते लेख, शेवटची तपासणी, आणि ही वस्तू गेली तर तिच्याऐवजी कोणती द्यायची. शेवटचा रकाना भरायला कंटाळा येतो. पण ऐन गणपतीत साचा ‘सध्या उपलब्ध नाही’ झाला तर पर्याय शोधायला वेळ नसतो, म्हणून तो रिकामा ठेवत नाही.

सांकेतिक नावं मी रोमन लिपीत ठेवली, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी यामागचं कारण समजून घ्यावं. पत्त्यात देवनागरी अक्षर गेलं की त्याचं टक्केचिन्हांच्या भाषेत रूपांतर होतं आणि एका चिन्हाची नऊ चिन्हं होतात. काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी नऊ-नऊ. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने साधारण बावीस देवनागरी चिन्हांपुढचा मजकूर छाटला जातो. अहवालात तर टक्क्यांची खिचडीच दिसते. सोऱ्या, पितळी, मोठा हे तीन शब्द रोमनमध्ये लिहून मध्ये आडव्या रेघा दिल्या की काम भागतं.

आता टॅग. अॅमेझॉनच्या एका खात्यात १००पर्यंत ट्रॅकिंग आयडी, म्हणजे वेगवेगळे टॅग, करता येतात. पहिला मोह प्रत्येक लेखाला एक आयडी देण्याचा होतो, आणि साइट वाढली की शंभर सरतात. मी वेगळी वाटणी केली. सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वीस लेखांना स्वतंत्र आयडी, त्यातल्या पाचांना दोन-दोन: एक लेखाच्या वरच्या तुलनेच्या तक्त्यासाठी, एक खालच्या बटणासाठी. बाकी लेखांना विभागवार आयडी: भांडी, विजेची उपकरणं, साचे-सोरे, पुस्तकं. तीसेक आयडींत सगळी साइट बसली. आयडी आधी खात्यात तयार करायचा आणि मगच लिंकेत टाकायचा. मनाने रचलेला आयडी लिंकेत चालल्यासारखा दिसतो, पण त्यावर झालेली विक्री आपल्या नावावर पडत नाही.

इतर नेटवर्कांत हे काम सबआयडी, म्हणजे लिंकेच्या पत्त्यात आपण जोडायची खूण, करतो. त्याचं नाव प्रत्येकाकडे वेगळं. ऑविनमध्ये ‘क्लिकरेफ’, सीजेमध्ये ‘एसआयडी’, क्यूलिंक्समध्ये ‘सबआयडी’. तिथे शंभराची अडचण नसते, म्हणून मी लेखाचा क्रमांक आणि जागा दोन्ही घालतो: ४१२-तक्ता, ४१२-बटण, अर्थात रोमनमध्ये. लेखाचं शीर्षक घालू नये. शीर्षक बदलतं, वर्डप्रेसने दिलेला लेखाचा क्रमांक बदलत नाही.

यानंतर प्रश्न आला रिडायरेक्टचा. म्हणजे वाचकाला आपल्याच डोमेनचा छोटा पत्ता दाखवायचा, ‘गो’ आणि पुढे सांकेतिक नाव, आणि तिथून त्याला दुकानात पाठवायचं. प्रेटी लिंक्स किंवा थर्स्टीअॅफिलिएट्स ही प्लगइनं हेच करतात. फायदा उघड आहे: वस्तू बदलली तर एका जागी पत्ता बदलायचा. पण अॅमेझॉनच्या अटींत लिंक कुठून आली हे झाकलं जाईल असं काही करू नये, असं कलम आहे. त्यामुळे अॅमेझॉनच्या लिंका मी सरळ, पूर्ण दिसणाऱ्याच ठेवतो. त्यांचा स्वतःचा आखूड पत्ता चालतो, पण तोही टाळतो, कारण त्यात टॅग डोळ्यांना दिसत नाही आणि पुढे शोधून बदलता येत नाही. रिडायरेक्ट फक्त इतर नेटवर्कांच्या लांबलचक पत्त्यांसाठी.

रिडायरेक्ट करताना प्रकार ३०२ किंवा ३०७ निवडावा, ३०१ नाही. ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्या सर्व्हरला न विचारता थेट जुन्या जागी जातो. मग आपण पत्ता बदललेला त्याला कळत नाही आणि तो क्लिकही मोजला जात नाही. कॅशिंगच्या प्लगइनमध्ये ‘गो’ने सुरू होणारे पत्ते वगळायचे, रोबॉट्सच्या फाइलमध्येही ते बंद करायचे. नाहीतर शोधयंत्रांचे रोबो तिथून फिरून क्लिकांचा आकडा फुगवतात. शिवाय प्रत्येक मधला टप्पा ही सबआयडी गळण्याची जागा असते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ भाग उघडून, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करून एकदा क्लिक केलं की आपल्या पत्त्यापासून दुकानापर्यंतची साखळी ओळीने दिसते. सबआयडी कोणत्या ओळीपर्यंत टिकला ते तिथे वाचता येतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करून चाचणी घ्यायची नाही. अॅमेझॉनच्या अटींत ते बसत नाही.

जुन्या लिंका बदलण्याचं काम हातानेही होतं, पण चुका होतात. मी डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसला टाइप केलेल्या आज्ञा देण्याचं साधन) शोधा-बदला आज्ञा वापरली. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग ‘ड्राय-रन’ लावून, म्हणजे काहीही न बदलता, किती ठिकाणी बदल होणार तो आकडा, तो खतावणीशी जुळला तरच खरा बदल. थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञेने) बदल करू नये असं माझं ठाम मत आहे. पेजबिल्डर आणि विजेट आपला मजकूर अक्षरांच्या संख्येसकट साठवतात. पत्त्याची लांबी बदलली आणि संख्या तीच राहिली तर तो ठोकळाच उघडत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय ती संख्या सांभाळून घेतो. जी वस्तू पाचापेक्षा जास्त लेखांत येते तिची चौकट मी वर्डप्रेसमधला सिंक्ड पॅटर्न करून टाकली. एकीकडे बदल, सगळीकडे लागू. पण मग त्या सगळ्या लेखांत टॅगही एकच राहतो, म्हणून स्वतंत्र आयडी असलेल्या वीस लेखांत पॅटर्न वापरत नाही.

क्लिक मोजायला गूगल अॅनालिटिक्स ४ आहे. त्यातलं ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ चालू असेल तर दुसऱ्या डोमेनवर जाणारा क्लिक आपोआप नोंदला जातो. मात्र ‘गो’चा पत्ता आपल्याच डोमेनचा असतो, त्यामुळे तो बाहेरचा क्लिक धरला जात नाही. रिडायरेक्ट वापरणाऱ्यांचा आकडा शून्य दिसतो तो यामुळे. त्यासाठी गूगलच्या टॅग मॅनेजरमध्ये (यातला टॅग म्हणजे मोजणीचा कोड, अॅफिलिएट टॅग नव्हे) वेगळा ट्रिगर, म्हणजे नोंद कधी करायची त्याची अट, लावला. प्रकार ‘जस्ट लिंक्स’, अट अशी की क्लिकच्या पत्त्यात ‘गो’ असावं. ‘ऑल एलिमेंट्स’ निवडलं आणि वाचकाने लिंकमधल्या चित्रावर बोट ठेवलं तर पत्ता रिकामा येतो आणि अट लागूच होत नाही. वस्तूचं सांकेतिक नाव आणि लिंकेची जागा पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्लिकसोबतची जादा माहिती म्हणून, पाठवायची, आणि अॅनालिटिक्समध्ये ‘कस्टम डायमेन्शन’ (अहवालातला आपला रकाना) म्हणून नोंदवायची. नोंदवण्याआधीचा डेटा मागे जाऊन भरला जात नाही, तेव्हा हे पहिल्याच दिवशी करावं. तिथेच डेटा राखण्याची मुदत दोन महिने असते ती चौदा करून टाकावी. नाहीतर या दिवाळीची गेल्या दिवाळीशी सविस्तर तुलना करता येणार नाही.

आणि मग नव्याने शिरणारा प्रत्येकजण इथे अडकतो: अॅनालिटिक्सचे क्लिक, प्लगइनचे क्लिक आणि दुकानाच्या अहवालातले क्लिक कधीच जुळत नाहीत. जुळणारही नाहीत. जाहिरात अडवणारे ब्राउझर अॅनालिटिक्सलाही अडवतात, म्हणून तिथे आकडा कमी. प्लगइन सर्व्हरवर मोजतं, त्यात रोबो आणि दोनदा दाबलेलं बोटही येतं, म्हणून तिथे जास्त. अॅनालिटिक्सचा टाइमझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला असेल तर आपला दिवस साडेबारा किंवा साडेतेरा तासांनी सरकतो. मी दर महिन्याला तिघांचं गुणोत्तर लिहून ठेवतो. ते स्थिर असेल तर ठीक. अचानक मोडलं तर कुठेतरी लिंक तुटली आहे.

क्लिक आणि कमाईचंही तसंच. अॅमेझॉनवर क्लिकनंतर २४ तासांतली खरेदी आपली. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर तिला साधारण ९० दिवस मिळतात. मधेच वाचक दुसऱ्याच्या लिंकवरून गेला तर श्रेय शेवटच्या क्लिकला. सोऱ्याच्या लिंकवरून गेलेला माणूस चादरी घेऊन येतो, तेही आपल्या अहवालात दिसतं. म्हणून विकलेल्या वस्तूंच्या यादीवरून लेखाचं यश ठरवू नये, आयडीवरून ठरवावं. कमिशन ऑर्डरवर नसतं, वस्तू रवाना झाल्यावर लागतं, आणि परत आली तर वजा होतं. मिक्सरसारख्या वस्तूत हे वजाबाकीचं प्रकरण सोऱ्यापेक्षा जास्त जाणवतं. त्यामुळे महिना संपला की लगेच हिशेब बंद करत नाही, दोन महिने थांबतो.

तुलना शंभर क्लिकांमागच्या कमाईने करतो. समजा एका लेखातून ४०० क्लिक आणि ६०० रुपये, दुसऱ्यातून ६० क्लिक आणि ३०० रुपये. पहिल्याचे शंभरामागे १५०, दुसऱ्याचे ५००. दुसरा लेख वर आणावासा वाटतो, पण ६० क्लिक म्हणजे कदाचित एकच महाग ऑर्डर. दोन-तीनशे क्लिक होईपर्यंत मी त्या आकड्यावर काहीही बदलत नाही.

लिंकेच्या कोडमधल्या ‘रेल’ या गुणात ‘स्पॉन्सर्ड’ लिहायचं, म्हणजे ही पैशांची लिंक आहे हे शोधयंत्राला कळतं. गूगलने ते २०१९मध्ये आणलं. वर्डप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांनी आपणहून घातलेला ‘नोरेफरर’ (वाचक कोणत्या पानावरून आला ते लपवणारा शब्द) काढायचा, कारण काही नेटवर्कं क्लिक कुठून आला ते तपासतात. लेखाच्या वरच, लिंक येण्याआधी, मराठीत एक वाक्य: या लिंकांवरून खरेदी झाल्यास आम्हाला कमिशन मिळतं. अॅमेझॉनच्या लिंकेसाठी त्यांनी ठरवून दिलेलं वाक्यही टाकायचं. किंमत हाताने लिहायची नाही, ती तासाभरात खोटी ठरू शकते. अॅमेझॉनची लिंक ईमेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये घालण्याआधी त्यांच्या चालू अटी वाचायच्या.

बँकेत येणारी रक्कम अहवालापेक्षा कमी दिसली तर आधी टीडीएस, म्हणजे पैसे देण्याआधीच कापलेला प्राप्तिकर, बघावा. कमिशनवरचा त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४पासून ५वरून २ टक्क्यांवर आला. पॅन नोंदवलेला नसेल तर मात्र २० टक्के कापले जातात. कापलेली रक्कम प्राप्तिकर खात्याच्या साइटवर आपल्या नोंदींत दिसते. खतावणीच्या दुसऱ्या पानावर मी एकूण कमिशन, टीडीएस आणि बँकेत जमा असे तीन आकडे शेजारी ठेवतो.

तपासणीचं वेळापत्रक यंत्राच्या भरवशावर नाही. लिंक तपासणारी साधनं ४०४ (‘पान सापडलं नाही’ हा सर्व्हरचा संकेत) पकडतात, पण ‘सध्या उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं पान त्यांच्या लेखी ठणठणीत २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, असतं. शिवाय दुकानं रोबोंना अडवतात, तेव्हा चांगली लिंकही तुटलेली दिसते. म्हणून सर्वाधिक कमाईच्या तीस लिंका महिन्यातून एकदा हाताने उघडतो: वस्तू तीच आहे का, आकार तोच आहे का, टॅग पत्त्यात आहे का. एकाच क्रमांकाखाली विक्रेता कधी एक चकती कमी असलेला सोऱ्या ठेवतो, आणि लेखात मात्र पंधरा चकत्या लिहिलेल्या असतात. बाकीच्या लिंका हंगामाने: साचे आषाढात, सोरे आणि शंकरपाळ्याची कातणी नवरात्राआधी, कुरडईचा साचा आणि पापडाचं यंत्र फेब्रुवारीअखेर.