बुटांचा रंग

"दुसऱ्याच्या गोष्टीचं विडंबन म्हणजे शेवटी चोरीच ना?" कॅनडातल्या छोट्या, स्वतंत्र विनोदी सिनेमांचा विषय निघाला, तेव्हा मित्र आज सहज बोलून गेला. ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

'विझर्ड ऑफ ओझ' या अमेरिकी परीकथेचंच घ्या. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात नायिका डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९च्या हॉलिवूडपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात लाल रंग खुलून दिसायचा. पुस्तकाचा कॉपीराइट संपला, ते आता सगळ्यांचं; पण सिनेमातले लाल बूट अजून स्टुडिओचे. म्हणजे मोजक्या पैशांत सिनेमा करणाऱ्याने आधी बुटांचा रंग तपासायचा!

कॅनडाने २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि विडंबन, उपहास यांना रास्त वापरात, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, स्पष्ट जागा दिली. मला हे फार मोलाचं वाटतं. त्यामुळे हाताशी पैसा नसलेल्या दिग्दर्शकालाही मोठ्या गोष्टीशी पंगा घेता येतो. आपल्या कायद्यात विडंबनाचा असा थेट उल्लेखच नाही.

आणि अत्र्यांची विडंबनं तोंडपाठ असलेली आपण माणसं! आपणच विडंबनाला चोरी म्हणायचं?

तुमच्या आवडीचं विडंबन कोणतं? सांगाल?