"आमची हद्द नाही, ताई"

माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला नवी मुंबईत, मी राहते ठाण्यात. खाडीच्या अलीकडे एक पोलीस आयुक्तालय, पलीकडे दुसरं. एवढ्यावरून माझी तक्रार साडेचार तास बाकावर बसून होती.

रात्री सव्वादहाला मावशीला घेऊन घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, "आमची हद्द नाही, ताई. तिकडे जा." तिकडे म्हणजे जिथून मी जेमतेम सुटून आले होते तिथे! मग साहेब राउंडला गेले होते. मग महिला अधिकारी येत होत्या. मग "घरच्यांशी एकदा बोलून घ्या ना." भिंतीवरची नागरिकांची सनद मी चार वेळा वाचली.

तोवर मावशीने मोबाइलवर कलम शोधलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 173. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, शून्य क्रमांकाने नोंदवायचा आणि मग त्या ठाण्याकडे पाठवायचा. 1 जुलै 2024 पासून हे कायद्यातच आहे. अशा गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 199. तिने आवाज न चढवता, शाळेत धडा वाचावा तसं वाचून दाखवलं. पावणेतीनला एफआयआरची प्रत हातात आली. ती फुकट मिळते, मागून घ्या.

जबाब महिला अधिकाऱ्यांनीच घेतला, त्या चांगल्या होत्या. दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबाची मी उगाच धास्ती घेतली होती.

हो, कपडे! धुऊ नका, आणि कागदी पिशवीत ठेवा. मी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते. खरं तर आधी रुग्णालयातच जायला हवं होतं. एफआयआर नसली तरी उपचार करावेच लागतात, तेही मोफत, खासगी रुग्णालयातसुद्धा. दोन बोटांच्या चाचणीचा, म्हणजे योनीत बोटं घालून तपासण्याचा, विषय कुणी काढला तर सरळ नाही म्हणा. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलंय.

वकिलासाठी पैसे नव्हते. कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालयात मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्नाची अट नाही. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच दिला.

माझे कागद खाडी ओलांडायला नऊ दिवस लागले. रिक्षाने अर्धा तास लागतो. आता दोषारोपपत्र दाखल झालंय. पुढच्या तारखेसाठी मावशीने आत्ताच रजा टाकलीय.