वारीला तू बी आलीस की

गेल्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण वारी चालले, आळंदी ते पंढरपूर, माऊलींच्या पालखीसोबत. लोक विचारतात कसं वाटलं आणि मी 'छान' म्हणून विषय बदलते, कारण खरं सांगायला बसले तर गोष्ट एका बादलीपासून सुरू करावी लागते आणि ऐकणाऱ्याला तर विठ्ठल हवा असतो.

आधी मी का गेले ते सांगते. वारी आमच्या अप्पांची. 26 वर्षं नेमाने चालले, मग अर्धांगवायूने शेवटची तीन वर्षं अंथरुणावर. त्यांचं सगळं मी केलं. लोक म्हणायचे, काय पुण्य कमावतेयस गं. पुण्य वगैरे ठीक आहे पण रात्रीतून चार-चार वेळा उठायचं, चादर बदलायची, आणि ते हाका मारत राहिले की दात-ओठ खाऊन 'आले ना, कळतं का काही तुम्हाला?' असं त्यांच्यावरच ओरडायचं, हे त्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. ज्या रात्री अप्पा गेले त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की आज झोप मिळेल. रडू नंतर आलं, खूप आलं, पण पहिला नंबर झोपेचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

म्हणून त्यांचे टाळ घेऊन त्यांच्याच दिंडीत गेले. डोक्यात सरळ हिशोब होता, 250 किलोमीटर चालायचं, नाम घ्यायचं, आणि ती चिडकी, थकलेली, स्वतःची झोप आधी बघणारी बाई वाटेत कुठेतरी सोडून द्यायची, पंढरपूरला दुसरीच कुणीतरी पोचेल, शांत वगैरे.

पहिले दोन दिवस ती दुसरी आलीय असंच वाटत होतं. पुण्यातून निघून सासवड गाठायचा दिवस सगळ्यात लांब चालीचा, त्यात एकादशी, म्हणजे पोटात फराळाचं काय ते तेवढंच. दिवे घाटात रथाला जास्तीच्या बैलजोड्या लावतात, वळणावरून खाली बघितलं की पताकांचा नुसता पट्टा हलताना दिसतो, मला तर भरून आलं, चार फोटो पण काढले. मग सासवडला तळावर बूट काढले तर दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. एका मावशीने सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं म्हणे. डॉक्टर लोक याला काय म्हणतील माहीत नाही, मी तेव्हा फक्त दोन्ही हातांनी राहुटीचा बांबू धरून बसले होते.

जेजुरी झाली, वाल्हे आलं. तोवर माझ्यातली शांत बाई संपलेली होती. राहुटीत घोरणं, ओले कपडे, शौचालयाची रांग, मोबाईल चार्जिंगच्या एका बोर्डावर वीस वायरी, आणि वर सगळ्यांनी सगळ्यांना माऊली म्हणायचं. हे वारीत भारी असतं, भांडायचं असलं तरी आधी माऊली लावतात, 'ओ माऊली, पाय आहे का खांब?' असं.

वाल्ह्याला पहाटे साडेतीनला टँकरपाशी बादल्यांची रांग होती. माझी निळी बादली, कडी एका बाजूने तुटलेली म्हणून सुतळी बांधलेली. मी पाच मिनिटं ब्रश आणायला गेले आणि परत येऊन बघते तर एक आजी माझ्याच बादलीने आंघोळ उरकून आता उरलेल्या पाण्यात लुगडं खळबळतायत. आमच्याच दिंडीतल्या, रोज माझ्या पुढे दोन ओळी सोडून तुळस घेऊन चालणाऱ्या, सत्तरीच्या तरी असतील. मला काय झालं कळलं नाही, मी एकदम ओरडले, 'ही माझी बादली आहे, कळतं का काही तुम्हाला? वारीला आलात ना, इथं तरी जरा नीट वागा!'

शब्द बाहेर पडले आणि मला माझाच आवाज ओळखू आला. तोच, अप्पांच्या खोलीतला. तीच पट्टी, तेच दात खाणं, आणि 'कळतं का काही तुम्हाला' पण तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आजी काही घाबरल्या-बिबरल्या नाहीत. त्यांनी लुगडं पिळलं, बादली उपडी केली आणि म्हणाल्या, 'वारीला तू बी आलीस की.' आणि गेल्या. बायका हसल्या. मी मात्र तो अख्खा दिवस जळत होते, अर्धी आजींवर आणि अर्धी स्वतःवर. नीरेच्या काठावर माऊलींच्या पादुकांना स्नान घालत होते, लोकांच्या डोळ्यांत पाणी, आणि मी गर्दीत उभी राहून मनात उत्तरं तयार करतेय, असं म्हणायला हवं होतं, तसं म्हणायला हवं होतं. इतकं ओशाळवाणं वाटलं. आठवड्याभरातच वारी फेल गेली असं मी ठरवूनही टाकलं.

त्याच संध्याकाळी लोणंदच्या तळावर समाज आरती होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पालखी तळावर येते, दिंड्या भोवतीने उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करून 'हो' म्हणतो की सगळं गप्प. म्हणजे खरंच गप्प, इतकी माणसं असून बाळ रडलं तरी ऐकू येतं. मग वाटेत हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात आणि पुढे आरती होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी गप्प बसत नाही, ती टाळ वाजवतच राहते.

त्या दिवशी एक दिंडी थांबली नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यातून टाळ चालूच, खण खण खण. मला आधी वाटलं यांना कळलं नाही की काय. शेजारच्या काकांनी सांगितलं, तक्रार आहे त्यांची. चोपदार चालत तिथे गेले, त्यांचं ऐकून घेतलं, काहीतरी पाण्याचं होतं म्हणे (पाण्याचंच! मला हसू आवरेना), आणि त्यांचं समाधान झाल्यावरच टाळ थांबले. तोपर्यंत आरती नाही. माऊलींची पालखी तिथेच, लोक पायावर उभे, दिवसभर चाललेले, पण सगळे थांबले. कुणी म्हणालं नाही की अरे वारकरी ना तुम्ही, पाण्यावरून काय कुरकुर करता, नाम घ्या आणि सोडून द्या.

मी घरी, मंदिरात, सत्संगात कायम उलटं ऐकत आलेय. राग आला तर तो गिळायचा आणि चेहरा प्रसन्न ठेवायचा. आणि इथे ही पिढ्यान्-पिढ्या चालत आलेली शिस्त, तिच्यात रोजच्या आरतीच्या आधी तक्रारीला जागा करून ठेवलेली, आणि ती पण गुपचूप नाही, टाळ वाजवून, देवासमोर. ज्याने कुणी ही पद्धत बसवली त्याला माणसं नीट माहीत होती. अडीचशे किलोमीटर माणसं एकत्र चालणार म्हणजे ती भांडणारच, हे त्याने धरूनच चाललेलं. माझ्या हिशोबात ते नव्हतं. मी तर स्वतःचा टाळ तीन वर्षं हाताने दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, म्हणजे वारकरी दोन बाजूंना उभे आणि मधून घोडा धावतो ते, माऊलींचा अश्व, ज्याच्यावर कुणी बसत नाही तो, समोरून असा गेला की डोळ्याची पापणी लवायच्या आत टापांखालची माती उचलायला झुंबड. त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. रात्री तरडगावला कीर्तनात बुवांनी ताटीची कथा लावली. ज्ञानेश्वरांना कुणीतरी घालूनपाडून बोललं, ते दुखावले, झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहून विनवतेय, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. मी ही कथा लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी मुक्ताबाईकडेच बघत आलेय, केवढीशी पोर आणि काय समज. त्या रात्री पहिल्यांदा ताटीच्या आतल्याकडे लक्ष गेलं. ज्यांना आपण आई म्हणतो, माऊली म्हणतो, त्यांनाही लागलं होतं. ते रुसले. दार लावून बसले. आणि वारकऱ्यांनी ही गोष्ट झाकून नाही ठेवली, उलट शेकडो वर्षं गातायत. माऊलींचं रुसणं चालतं आणि माझं एक 'झोप मिळेल' चालत नाही? असा थेट प्रश्न मनात आला, जरा उद्धटच, पण आला.

आजींशी बोलणं मात्र बंदच होतं. त्याही काही गोड म्हातारी नव्हत्या हं. सुनेबद्दल रोज कागाळ्या, पंगतीत आपल्याच ओळखीच्या बायकांना जागा धरायच्या, आणि फुगडीत पोरीबाळींना दमवायच्या. वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, उतारावरून सगळे पळतात, तुकोबांना तिथून पंढरपूरचा कळस दिसला आणि ते धावले अशी समजूत आहे. मी फोडांसकट पळाले. पुढे आजी तुळस एका हाताने धरून पळत होत्या, अडखळल्या, मी दंड धरला, दोघी तशाच पळत खाली आलो. खाली येऊन धापा टाकतानाही त्या म्हणाल्या, 'जोरात धरलंस की गं, मोडला आसता हात.' थँक्यू वगैरे विषयच नाही.

त्या रात्री राहुटीत त्यांची पथारी माझ्या शेजारी आली. अंधार, पाऊस ताडपत्रीवर, का कुणास ठाऊक मी सांगून टाकलं. अप्पांचं, चादरीचं, ओरडण्याचं, झोपेचं. सगळं सलग, त्यांच्याकडे न बघता. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं झोपल्या, बरंच झालं.

मग आवाज आला, 'आमचं मालक गेलं ना, तवा मी आधी च्या केला. कप भरून. दुधाचा. बसून प्याले. मग बोंब मारली.'

मी म्हटलं, 'मग?'

'मग काय? लई रडले.' आणि कूस बदलून, 'सरक तिकडं, पाणी गळतंय हिकडं.'

मी सरकले. आणि खरं सांगते, वारीत सगळ्यात गाढ झोप मला त्या रात्री लागली, अर्धी पथारी ओली असताना. सकाळी उठून मी काही वेगळी झाले नव्हते, बोर्डावरून माझा चार्जर कुणीतरी काढलेला होता आणि मी त्यावरून पुन्हा आवाज चढवलाच. फक्त या वेळी दिवसभर ते मनात घोळवत बसले नाही. भांडले, चार्जर लावला, हरिपाठाला बसले.

पंढरपूरला आषाढीची पदस्पर्शाची रांग बघून मी हात जोडले, कळसाला नमस्कार केला, नामदेव पायरीपाशी अप्पांचे टाळ क्षणभर टेकवले, मागून ढकलाढकली इतकी की क्षणभर म्हणजे क्षणभरच. रांगेत नाही उभी राहिले याचं वाईट वाटतं का तर हो, थोडं वाटतं.

परत येताना सामानाच्या ट्रकमधून सगळं उतरवलं, बादली काही सापडली नाही. आठवड्याने अनोळखी नंबरवरून फोन, मागे नातवाचा आवाज, स्पीकरवर टाकून दिलेला. 'तुझी निळी बादली माज्याकडं आलीया बघ. सुतळी कुजली व्हती, तार बांधली. फुडल्या साली आणते.' आणि मी हो म्हणायच्या आत फोन बंद.