‘फाइल ३०० डीपीआय हवी’ : इमारतींच्या फोटोंसाठी कॅमेरा निवडतानाचा माझा अनुभव

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), कार्डं, बॅटऱ्या हे सगळं पटापट ठरलं. अडलो ते एका ओळीपाशी. फोटो छापणाऱ्यांच्या फॉर्मवर लिहिलं होतं: ‘हाय रिझोल्यूशन फाइल, किमान ३०० डीपीआय’. संपलं. फोटो किती सेंटिमीटर रुंद छापणार, याला फॉर्ममध्ये रकानाच नाही. शिंप्याला मापं न देता ‘इंचाला बारा टाके घाला’ एवढंच सांगावं, तसला प्रकार.

डीपीआय, म्हणजे छापताना इंचाला किती ठिपके, हा फाइलवर लिहून ठेवलेला एक आकडा आहे. त्याने फोटोतला एक पिक्सेल वाढत नाही की कमी होत नाही. माझी ८२५६ × ५५०४ पिक्सेलची, म्हणजे ४५ मेगापिक्सेलची जेपेग फाइल त्यांच्या संगणकाने परत पाठवली, कारण तिच्यावर ७२ लिहिलेलं होतं. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइझ’ उघडलं, ‘रीसॅम्पल’समोरची खूण काढली, ७२ खोडून ३०० टाकलं आणि तीच फाइल पुन्हा चढवली. लगेच मंजूर! (खूण काढायला विसरलात तर मात्र फोटोशॉप पिक्सेल मनाचे घालून फाइल फुगवतं.) १५०० × १००० ची चिमुकली फाइल ३०० लिहून दिली असती, तर तीही या चाळणीतून निघाली असती आणि १२.७ सेंटिमीटरपेक्षा मोठी छापली की फुटायला लागली असती. फोनवर रुंदी विचारली, तर उत्तर मिळालं, “सर, सगळे ३००च देतात.”

शेवटी हिशोब स्वतःच मांडला. रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, २.५४ ने भागायची, ३०० ने गुणायची. ए४ चं पूर्ण पान म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला फोटो, म्हणजे ए३, ४९६१ × ३५०८. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त धरले तर ५०३१ × ३५७९, साधारण १८ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० देतो, म्हणजे तो पुरून उरतो. मुळात ३०० हा आकडा आला तो छपाईत फोटो ज्या बारीक ठिपक्यांच्या जाळीत उतरतो तिच्यावरून: इंचाला १५० रेषांची जाळी, त्याची दुप्पट. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटला तो लागूच होत नाही. दोन मीटरवरून डोळ्याला साधारण ०.५८ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, म्हणून तीन मीटर रुंद प्रिंटला ५२०० पिक्सेलच्या आसपास पुरतात. तेवढे २४ मध्येही आहेत.

मग ४५ कशासाठी घेतला? छपाईसाठी नव्हे, कापाकापीत जे पिक्सेल जातात त्यांच्यासाठी. आणि हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारत नाहीत.

उंच इमारतीसमोर कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा आत झुकतात. नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतात, पण त्याची किंमत मोजून बघा. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरला, २४ मिमी लेन्स लावली आणि तो १५ अंश वर उचलला, तर फ्रेमच्या वरच्या कडेला इमारत खालच्या कडेच्या जेमतेम दोन तृतीयांश आकाराची नोंदली जाते. तळाशी जी रुंदी ४००० पिक्सेलमध्ये मावते, तीच वर २६६० मध्ये. रेषा सरळ करताना सॉफ्टवेअर त्या २६६० चे ताणून ४००० करतं. म्हणजे कोरीव कंगोरा, जाळी, सज्जाचे कठडे असतात नेमकं तिथेच फोटो मऊ पडतो. क्लायंट झूम करून पाहतो तेही तिथेच.

शिफ्ट लेन्सने हा ताण टळतो. कॅमेरा पातळीत ठेवायचा आणि लेन्सच वर सरकवायची. वरच्या उदाहरणातल्या १५ अंशांचं काम साडेसहा मिलिमीटर शिफ्टमध्ये होतं, ४००० च्या ४००० पिक्सेल हातात राहतात. कॅननच्या २४ मिमी टीएस-ई लेन्सला (दुसरी आवृत्ती) दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर शिफ्ट आहे. शेवटच्या दोनेक मिलिमीटरात कोपरे ढिले पडतात, तेव्हा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) एफ/११ ठेवा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका. तिथे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) ४५ मेगापिक्सेलचा फायदाच धुऊन जातो.

४५ मेगापिक्सेलची बॉडी किंवा शिफ्ट लेन्स, यांतल्या एकालाच पैसे पुरत असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: २४ मेगापिक्सेलची जुनी बॉडी आणि शिफ्ट लेन्स. कॅमेरा आडवा ठेवून लेन्स १२ मिलिमीटर वर, शून्यावर आणि १२ खाली अशा तीन फ्रेम जोडल्या की ६००० × ८०००, म्हणजे ४८ मेगापिक्सेल मिळतात. मधली फ्रेम गाळू नका. वरची आणि खालची एकमेकींना फक्त टेकतात, जोडायला सामाईक भाग उरत नाही. खोलीच्या आत हे करताना जवळची खुर्ची प्रत्येक फ्रेममध्ये किंचित सरकलेली दिसते, कारण लेन्सची जागा बदलते. लेन्सला पकडणारा कॉलर ट्रायपॉडवर लावा, म्हणजे लेन्स स्थिर राहते आणि मागची बॉडी सरकते.

जुन्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) बनलेल्या शिफ्ट लेन्स मिररलेस (बिनआरशाच्या) बॉडीवर काच नसलेल्या अडॅप्टरने बसतात. फोकस तसाही हातानेच करायचा असतो, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही. फक्त कॅननच्या लेन्ससाठी अडॅप्टरला विजेचे संपर्क आहेत ना बघा, नाहीतर अ‍ॅपर्चर हलणारच नाही.

आतल्या फोटोंसाठी कॅननच्या १७ मिमी शिफ्ट लेन्सचा मोह होतो. पण कडेला आलेला गोल दिवा अंड्यासारखा लांबतो, आणि पुढची काच इतकी फुगीर आहे की नेहमीचा फिल्टर बसत नाही. आधी २४ मिमीच घ्या.

डीएसएलआर असेल तर एक्स्पोजर शिफ्ट करण्याआधी मोजून मॅन्युअलवर लॉक करा. शिफ्ट केल्यावर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर चुकतो. ट्रायपॉडवर बॉल हेड (एकाच गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) नको: आवळताना अर्धा अंश घसरतं आणि सगळ्या भिंती कलतात. तिन्ही अक्षांना वेगळी चक्री असलेलं गिअर्ड हेड घ्या. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. लूव्हर्स (तिरप्या पट्ट्यांची झडपं) आणि बारीक जाळ्यांवर रंगीत लाटा दिसल्या तर पाऊलभर मागे-पुढे व्हा.

आता काम घेतानाच मी दोन गोष्टी लिहून मागतो: छपाईची रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि फोटो किती लांबून बघणार ते. उत्तर आलं नाही तर ए३ धरतो. आणि तो फॉर्म? ४५ मेगापिक्सेलची साधी, कॉम्प्रेस न केलेली ८ बिट टिफ फाइल १३६ एमबीची होते. त्यांची मर्यादा होती २५ एमबी.